लूडीचा ओंडका

सोरेल क्रीकमधली माणसं आर्लिस क्रॅब्ट्रीला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे, जुनं ओंडक्यांचं घर उतरवून दुसरीकडे जसंच्या तसं उभं करावं तर त्यानेच. टेनेसीच्या त्या डोंगरपट्ट्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, त्याला विझलेली शेकोटी बघवत नसे. मे महिन्यात लोक घामाने निथळत असले, तरी गायक वेड लॅसिटरच्या हवेलीतल्या दगडी शेकोटीत हा सकाळी उठून दोन लाकडं सरकवायचाच. "आर्लिस, आम्हाला भाजून खायचा विचार आहे का?" असं पाहुणे चेष्टेत विचारत. तो उत्तर देत नसे. उत्तर न देणं हा खरं तर त्याचा तिसरा गुण. त्याचं कौतुक मात्र कुणी केलं नाही, कारण त्याच गुणावर अर्ध्या गावाची पोटं चालली होती.

ती हवेली म्हणजे एक नमुना होता. चौदा गरिबांची चौदा घरं सोडवून आणून केलेलं एका श्रीमंताचं घर. साल एक्याऐंशी. लॅसिटरच्या तोवर दोन तबकड्या आपटल्या होत्या आणि तिसरी कशीबशी लंगडत चालली होती. आवाज बरा होता, दिसायला देखणा होता, पण बाप नॉक्सव्हिलमध्ये दातांचा डॉक्टर. कंट्री, म्हणजे तिकडचं खेड्यापाड्यांचं गाणं, ऐकणाऱ्यांना गायकाच्या घरचं दारिद्र्य लागतं. त्याच्या बापाने खाणीत खोकून मरावं, आईने लोकांचे कपडे धुवावेत, तेव्हा कुठे गाण्यात मीठ उतरतं अशी त्यांची समजूत. लॅसिटर गालिचे घातलेल्या घरात वाढला होता. घरात दारिद्र्य नव्हतं, म्हणून त्याने ते बाहेरून मागवलं.

आर्लिस तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. एकटा, अबोल, आणि आपल्या कामाचा भलता गर्व असलेला. लॅसिटरने त्याला सगळ्या कामावर मुख्य नेमलं, फक्त एक अट घातली. क्रॅब्ट्रींचं स्वतःचं घरही त्या चौदांत हवं. आर्लिसच्या पणजोबाने चेस्टनटच्या खोडांतून तासलेलं ते घर. रोगाने त्या डोंगरातले चेस्टनट एकूणएक मेले, त्यालाही आता दोन पिढ्या झाल्या होत्या. तसं लाकूड पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं.

त्या घरात आर्लिसची आई ओमा राहत होती. पाणी झऱ्यावरून आणायचं, चूल लाकडाची. लॅसिटर तिला रस्त्यालगत नळाचं, विटांचं घर बांधून देणार होता. ओमाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घर न्या. चुलीशेजारचा ओंडका मात्र माझ्याकडे राहील."

तो ओंडका चूल आणि दार यांच्या मधला, जेमतेम चार फुटांचा. त्यावर आर्लिसच्या बापाने चाकूने कोरलं होतं: लूडी, अकरा दिवस. एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत जन्मली आणि त्याच फेब्रुवारीत गेली. जमीन गोठलेली, खिशात दमडी नाही, म्हणून ओढ्यातला एक गोटा उशाशी ठेवून तिला उतारावर पुरली. पुढे खाली धरण आलं. ज्या थडग्यांवर नावं होती ती सरकारी माणसांनी उचलून वरच्या दफनभूमीत नेली. गोट्याकडे कोण बघतो? लूडी पाण्याखाली गेली. त्या डोंगरात मे महिन्यात एका रविवारी सगळी गावं आपापली थडगी झाडतात, फुलं वाहतात आणि तिथेच गवतावर पंगत मांडून जेवतात. ओमा त्या दिवशी एक पिओनीचं फूल घरी या ओंडक्याखाली ठेवायची. मुलीचं थडगं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

"ममा, भिंतीतून एक ओंडका काढला की भिंत बोडकी होते," आर्लिस म्हणाला. "तो माणूस घर पुरं मागतोय. मी स्वतः बसवीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आणि तो हवेली सोडेल त्या दिवशी ओंडका आपला. त्याने शब्द दिलाय."

"कुणासमोर?"

"हात मिळवलाय आम्ही."

त्या डोंगरात हात मिळवला की विषय संपतो. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मग ती म्हणाली, "मी मरायच्या आत आण म्हणजे झालं." हे एकच वाक्य आर्लिस पुढे पस्तीस वर्षं खिशात दगड घेऊन फिरावं तसं घेऊन फिरला.

आता त्याचा मूर्खपणा ऐका. चौदा घरांचे ओंडके, प्रत्येकावर खडूचा आकडा, कुठला कुठे लावायचा हे सर्वस्वी आर्लिसच्या हातात. लूडीचा ओंडका त्याला कोठीच्या अंधाऱ्या भिंतीत लपवता आला असता. निदान उलटा फिरवून नावाची बाजू लिंपणाच्या आत घालता आली असती. पण ओंडके तासणाऱ्यांची एक रीत आहे. सर्वांत सुंदर तासलेली बाजू नेहमी खोलीकडे, माणसांच्या डोळ्यांपुढे. पणजोबाच्या कुऱ्हाडीची ती बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. आर्लिसच्या हाताला दुसरं काही करवेना. त्याने तो मोठ्या दिवाणखान्यात, शेकोटीलगत, बरोबर नजरेच्या उंचीवर बसवला आणि दोन पावलं मागे सरून स्वतःच खूश झाला.

पहिली आग पेटवली त्या दुपारी लॅसिटरने ग्लास हातात घेऊन विचारलं, "हे लूडी कोण?"

आर्लिसने सांगितलं. अबोल माणसं एकदा बोलायला लागली की नको तेवढं बोलतात. थंडी, गोटा, धरण, पिओनी, सगळं.

"तुझ्या डोळ्यांदेखत गेली?"

"मी पाच वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही," आर्लिस म्हणाला आणि उठून शेकोटीत लाकूड घातलं.

दीड वर्षाने गाणं आलं, 'अकरा दिवस'. माझी धाकटी बहीण लूडी, आईच्या मांडीवर, आई गातेय, बाहेर बर्फ पडतंय, आणि अकराव्या सकाळी आईचं गाणं तेवढं उरतं. ट्रक चालवणारे आडदांड बाप्ये रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडले म्हणतात. लॅसिटर रातोरात कुठल्या कुठे गेला. मुलाखतीत सांगायला लागला की मी त्याच चेस्टनटच्या घरात जन्मलो, हा बघा ओंडका. दातांचा डॉक्टर कुठे गेला कुणाला ठाऊक. हवेलीपुढे बसगाड्या लागायला लागल्या.

आर्लिस तेव्हा हवेलीचा राखणदार झाला होता. त्याने एकदाच, फक्त एकदाच, लॅसिटरला घोडे बांधायच्या जागी गाठलं.

"वेड, लूडी माझी बहीण होती."

"होती ना, गड्या. मी कुठे नाही म्हणतो?"

"तू तुझी म्हणतोस."

लॅसिटर हसला. हसणं मोठं छान होतं त्याचं, त्याच्यावर अर्धा धंदा चालायचा. "तीस वर्षं होती तुझ्याकडे. काय केलंस तिचं? मी तिला गायलं. आज लाखो माणसं तिच्यासाठी रडतात. तू एकदा तरी रडलास का?"

आर्लिस वाकून घोड्यापुढचं गवत सारखं करायला लागला. रडला नव्हता हे खरंच होतं. "आणि शब्द लक्षात आहे माझ्या," लॅसिटर त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "मी जाईन त्या दिवशी ओंडका तुझा."

गावाचं म्हणाल तर गावाला सगळं माहीत होतं. ओमाच्या त्या बाळंतपणात ज्या बायांनी पाणी तापवलं, त्याच आता हवेलीच्या फाटकाशी 'लूडीची गोधडी' म्हणून गोधड्या विकत होत्या. चर्चमध्ये कुणी आर्लिसच्या शेजारी बसून हळूच म्हणे, "मोठ्या मनाने घे बाबा. सगळ्यांचं भलं होतंय." सगळ्यांचं भलं होत असलं की खरं बोलणारा माणूस गावाला खरजेसारखा वाटतो. आर्लिसला खरूज व्हायचं नव्हतं, तो मूग गिळून बसला.

आणि ओमा? तिने ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते विटांच्या घरात, मक्याचा पाव ताकात कुस्करताना. चमचा हातात तसाच धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं. पुढे जेव्हा जेव्हा रेडिओवर ते लागे, ती उठून आवाज मोठा करी, घर दणाणेल इतका. आर्लिस समोर बसलेला असे. ती मुद्दाम करते, असं त्याने धरलं. आपल्या नाकर्तेपणाचं माप ती आपल्या पदरात घालते आहे, अशी त्याची खात्री झाली. मे महिन्यातल्या त्या रविवारी ती बाकीच्या बघ्यांबरोबर हवेलीत रांगेत उभी राही आणि लाल दोरीच्या अलीकडून वाकून ओंडक्याखाली पिओनी ठेवी. माहिती सांगणारी पोरगी पाहुण्यांना कौतुकाने सांगे, "या आजी वेडच्या फार जुन्या चाहत्या आहेत हं." आर्लिस त्या वेळी कोपऱ्यात लाकडं रचण्याचं सोंग करी.

विटांच्या घरात नळ आला, दिवे आले, पण ओमाने लाकडाची चूल काही सोडली नाही. आणि त्या चुलीला ती आर्लिसला हात लावू देत नसे. तो लाकूड उचलायला वाकला की ती त्याचा हात बाजूला सारी, नव्वदी आली तरी. म्हातारीचा हेका, असं तो समजे.

मोठी नावं उतरतात तेव्हा त्यांना कुणाला ढकलावं लागत नाही. नव्या टोप्या घातलेली नवी पोरं आली, लॅसिटरची तिसरी बायको गेली, आवाज गेला, केस गेले. बसगाड्यांची रोजची ये-जा शनिवारवर आली, मग तीही थांबली. तो फ्लोरिडात जाऊन राहिला, हवेली मात्र स्वतःकडेच ठेवून, आणि एका हिवाळ्यात तिथेच मेला. त्याच्या मुलांनी हवेली लिलावात काढली. हवेली एकीकडे आणि वस्तू एकीकडे. गिटारी, बूट, चांदीची बक्कलं, आणि यादीत सर्वांत वर, फोटोसकट, 'गायकाच्या धाकट्या बहिणीचं नाव कोरलेला मूळ ओंडका'.

आर्लिस सत्तर वर्षांचा होता. धुतलेला शर्ट घालून तो लिलाववाल्या बाईंकडे गेला. प्रिसिला वेंट नाव त्यांचं, नॅशव्हिलहून आलेल्या, बोलायला गोड.

"हा ओंडका माझा आहे. वेडने शब्द दिला होता."

"काही लिहून दिलंय का त्यांनी?"

"हात मिळवला होता."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. काय टिपलं देव जाणे. हवेत मिळवलेले हात कसे टिपतात ते त्यांनाच ठाऊक. "तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "वेडवर सगळ्यांचंच प्रेम होतं."

लिलाव पुढच्या गुरुवारी. त्याआधीचा रविवार थडगी सजवण्याचा. आर्लिसने ठरवलं. ममा नव्वद वर्षांची आहे, पुढचा मे ती बघेल न बघेल. या रविवारी लूडी दफनभूमीत, बापाच्या थडग्याशेजारी उभी राहील, नावासकट. पस्तीस वर्षांत त्याने पहिल्यांदा काहीतरी करायचं ठरवलं होतं, आणि त्याच्या अंगात वारं भरलं.

शनिवारी सकाळी हवेलीत कुणी नव्हतं. वाकस, पहार आणि दोन जॅक घेऊन तो कामाला लागला. आधी लिंपण खरवडलं, मग वरच्या ओंडक्यांना केसभर उचलून धरलं. घाई केली तर शेकोटीची अख्खी बाजू अंगावर येणार. स्वतःच कापलेल्या खाचा त्याच्या हाताला ओळख देत होत्या. तीन तास लागले. ओंडका सुळकन बाहेर सरकला आणि त्याच्या छातीवर टेकला, तेव्हा सत्तर वर्षांचा तो गडी हुंदके देऊन रडला. इतकी वर्षं लॅसिटरचा प्रश्न त्याच्या उरावर होता; त्याचं उत्तर आता दिलं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं. घोंगडीत गुंडाळून त्याने ओंडका ट्रकमध्ये ठेवला. त्या गडबडीत शेकोटीकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी शेरीफ लोनी गेंट्रीची गाडी आडवी लागली होती. प्रिसिलाबाईंनी भिंतीत कॅमेरे बसवले होते, हे आर्लिसच्या गावी नव्हतं.

"आर्लिस, काय रे हे या वयात," लोनी खिडकीशी येत म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याची आईही गोधड्याच विकायची. "वेडच्या बहिणीचा ओंडका घेऊन कुठे निघालास?"

"माझ्या बहिणीचा."

लोनीने टोपी काढून कपाळ पुसलं. "हे बघ, मी लहानपणी काहीबाही ऐकलंय. पण ऐकलेलं मी कागदावर लिहू शकत नाही. मिस ओमांनी एकदा सांगू देत, ही माझी मुलगी म्हणून. तेवढं पुरे. लिलाव थांबवतो, ओंडका कोर्टाकडे जाईल, आणि कोर्टात त्यांच्या शब्दापुढे कुणाची टाप आहे?"

आर्लिसला वाटलं, आभाळ ठेंगणं झालं. एक शब्द. ममाच्या जिभेवर पासष्ट वर्षं अडलेला एक शब्द.

ओमा ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. बाजूच्या बादलीत उद्यासाठी कापलेल्या पिओनी. आर्लिसने घोंगडी बाजूला केली आणि ओंडका तिच्यापुढे पायरीवर आडवा ठेवला. कोरलेल्या अक्षरांत उन्हाची तिरीप पडली.

"मिस ओमा," लोनी टोपी हातात धरून म्हणाला, "एकच विचारायचंय. ही लूडी कुणाची?"

ओमाने अक्षरांवरून बोट फिरवलं. सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पुन्हा वाटाण्याची शेंग उचलली.

"वेडची बहीण," ती म्हणाली. "सगळ्या जगाला ठाऊक आहे. आईच्या मांडीवर गेली बिचारी. आई गात होती तिच्यासाठी."

"ममा," आर्लिस म्हणाला.

"याचं म्हातारपणी डोकं फिरलंय, लोनी. मनावर घेऊ नकोस. जिथला तिथे नेऊन लाव म्हणावं."

लोनीने सुटकेचा श्वास सोडला. कोर्ट नको, गावात बभ्रा नको. "मी प्रिसिलाबाईंना कळवतो. परत बसवला तर त्या तक्रार करणार नाहीत," असं म्हणून तो गाडीतल्या रेडिओकडे गेला.

आर्लिस पायरीवर बसला. "पस्तीस वर्षं," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, मरायच्या आत आण."

"तेव्हा म्हणाले होते. तेव्हा गाणं नव्हतं." ओमा शेंगा सोलतच होती. "नंतर एकदा तरी विचारलंस मला, ममा, तुला तो हवाय का म्हणून?"

"पण ती तुझी मुलगी, ममा. आणि तो चोर."

"चोर होताच. पण त्याने मला तिच्याजवळ बसवलं. त्याच्या गाण्यात मी तिथे आहे. मांडीवर घेऊन बसलेय, गातेय." तिने मान वर केली. म्हातारीचे डोळे कोरडे आणि लख्ख होते. "खरं हवंय ना तुला? मी गोठ्यात होते. गाय अडली होती, वासरू ओढून काढत होते. मी तुला सांगून गेले, चुलीपाशी बस, आग बघ, विझायला आली की एक एक काटकी टाक. परत आले तर चुलीत राख. पाळण्यात ती निळी पडलेली. आणि तू बाहेर, बर्फावर सशाची पावलं शोधत फिरतोयस."

आर्लिसला काहीच आठवत नव्हतं, आणि तरी त्यातलं काहीही त्याला नवीन नव्हतं.

"तुझ्या बापाला मी सांगितलं, लाकूड घालायला मीच विसरले. तो मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. बावीस वर्षं एका ताटलीतून जेवलो असू, पण त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मी तुझ्या अंगाला झळ लागू दिली नाही. मग तो दातवाल्याचा पोरगा आला आणि फुकटात मला सोडवून गेला. त्या गाण्याइतकी मला कुणी माया लावली नाही, आर्लिस. तूसुद्धा." तिने सोललेले वाटाणे भांड्यात ओतले. "आता ने तो. ती लूडी आईच्या मांडीवर मेली. तुला घरी आणायची आहे ती दुसरीच."

तिने त्याच्या खांद्याला हात लावला नाही. भांडं उचलून ती आत गेली.

दुपारी आर्लिसने ओंडका पुन्हा जागेवर बसवला. लोनी दाराशी घड्याळ बघत उभा होता. वाटलं असतं तर आर्लिसला नावाची बाजू भिंतीच्या आत फिरवता आली असती, पण प्रिसिलाबाई शेजारीच उभ्या होत्या. आणि हाताने आपली रीत पाळलीच. सुंदर बाजू खोलीकडे आली. त्याने ओलं लिंपण फटीत भरलं आणि बोटाने सारखं केलं. काम नेहमीसारखंच बिनचूक झालं होतं.

"वा," प्रिसिलाबाई म्हणाल्या. त्यांना यादीसाठी नवा फोटो हवा होता. फोटोत ओंडका आणि बाजूला पेटलेली शेकोटी. त्या कॅमेरा घेऊन मागे सरल्या आणि थबकल्या. शेकोटीत करडी राख होती. धग नव्हती, धूर नव्हता.

त्यांनी गोड हसून विचारलं, "अहो, तुमची तर ख्याती आहे ना? तुम्ही राखायला असताना आग विझली कशी?"

आर्लिस गुडघ्यावर बसलेला होता, बोटं लिंपणाने भरलेली. पाहुण्यांना तो कधी उत्तर देत नसे. या वेळी दिलं.

"मी बाहेर गेलो होतो," तो म्हणाला.